चौकोनात न बसणारी जमीन

नाताळाला आलेल्या गाड्या मोशी, दार अशा शहरांकडं परत गेल्या आणि मासेरा गाव पुन्हा म्हाताऱ्यांचं, बायकांचं आणि गोठ्यातल्या गाईंचं झालं. सियाएली नव्या वर्षासाठी नवऱ्याला घेऊन माहेरी गेली होती, ती नुकतीच परतली. अंगावरचं चांगलं कापड सोडून तिनं जुनं गुंडाळलं, कोयता घेतला आणि गाईसाठी केळीचा खुंट तोडायला गोठ्यामागं गेली. गेली ती कोयता हातात धरून तशीच उभी राहिली.

कुंपण चालत आलं होतं.

इसालेचं कुंपण. लांब पात्यांची, माणसाच्या उंचीची ती झाडं तिच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातानं लावलेली. मोठ्या लेकाची जमीन पलीकडं, धाकट्याची अलीकडं, मधे इसाले. ह्या डोंगरावर इसाले लावली की हद्द झाली. ती उपटणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही असं म्हातारे सांगतात आणि ज्यांना कुणी सांगितलेलं नाही त्यांनाही ते ठाऊक असतं. सासऱ्याच्या सिमेंटच्या थडग्यापासून कुंपणापर्यंत केळीची चांगली दाट राई होती. त्या राईवर घर जेवत होतं, गाय जेवत होती. आता कुंपण थडग्याच्या पायथ्याशी येऊन उभं होतं आणि राई पलीकडं गेली होती. नव्या मुळांशी माती भुसभुशीत, ओली. झाडांना पाणी घालायला चोर विसरला नव्हता.

"अवं! भाईर या जरा."

एलियाकिम कंबरेवर हात ठेवून आला. मागं अवोकाडोच्या झाडावरून पडल्यापासून त्याची कंबर धड नव्हती. त्यानं कुंपण पाहिलं आणि नजर खाली घातली.

"दादानं केलं असंल," तो म्हणाला.

"असंल? मग काय झाडं आपल्या पायानं आली?"

"खालच्या माळावरचे मजूर लावले असतील. आपल्या गावचं माणूस इसालेला हात लावायचं न्हाई." त्यानं कंबर चोळली. "मोठा भाऊ हाय, सिया. फुडल्या नाताळाला आला की बोलू."

"फुडल्या नाताळापतूर कुंपण माझ्या चुलीत यील."

मोठा भाऊ अमिनिएल मोशीत बार चालवायचा. माणूस आडव्या अंगाचा, गाडीत बसला की गाडी एका बाजूला कलायची. सियाएलीनं तिथंच उभं राहून त्याला फोन लावला.

"वहिनी, तुम्ही परक्या घरनं आलेल्या," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "हद्द कुठं हाय ते आमच्या बापानं मला दावलं, तुम्हास्नी न्हाई. कुंपण पैल्यापास्नं तिथंच हाय." आणि फोन ठेवला.

चोर तो चोर आणि वर शिरजोर. सियाएलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परक्या घरची! ह्या घरात येऊन तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. सासऱ्याला शेवटच्या आजारात उचलून उन्हात बसवणारी तीच होती. तेव्हा हे ‘आपल्या घरचे’ सगळे मोशीत होते.

पण पुरावा होता. तो झाला त्यात सियाएलीचं शहाणपण काही नव्हतं, अमिनिएलची हौस होती. नाताळाच्या सकाळी बोकड भाजून झाल्यावर तो भाजलेली तंगडी हातात धरून तिच्याच परड्यात उभा राहिला होता. "वहिनी, काढा की एक फोटो. मित्रांना दावतो गावाकडची मजा." तिनं आपल्या फोनवर काढला. एका कडेला थडगं, मधे अमिनिएल आणि तंगडी, मागं केळीची राई, आणि पार दुसऱ्या कडेला, जिथं असायला हवं तिथं, इसालेचं कुंपण.

वॉर्डाच्या जमीन-पंचायतीकडं तक्रार करायची तर आता कागद संगणकावरून धाडावे लागत. फोटो चौकोनी हवा आणि वजनाला हलका, म्हणजे फाइल लहान हवी, नाहीतर पंचायतीची साइट तो घेतच नसे. असली कामं बाजारात गॉडलिसनच्या दुकानात होत. छपाई, टायपिंग, लग्नपत्रिका, शाळेचे अर्ज, सगळं त्याच एका टेबलावर. सियाएलीनं फोटो त्याला चॅटवरून धाडला. गावात सगळे तसंच करतात. गॉडलिसननं फोटोचा आकार बदलणाऱ्या एका साइटवर तो चढवला, रुंदी-उंचीच्या दोन खणांत एकच आकडा ठोकला, झालेला चौकोन पंचायतीकडं धाडायचं बटण दाबलं आणि म्हणाला, "झालं. गेला."

"मला बघू तर दे."

"काय बघायचं त्यात? मान्य झाला म्हंजे झाला. सरका, मागं लोक उभे हायत."

पंचायत बसली त्या दिवशी वॉर्डाच्या खोलीत पंच, दोन्ही भाऊ आणि ऐकायला आलेली माणसं दाटीनं बसली होती. अमिनिएल इस्त्रीच्या शर्टात मोशीहून आला होता. शिरिमा म्हणून जे प्रमुख होते त्यांनी लॅपटॉप उघडला, फोटो पडद्यावर आणला, चष्मा वर केला, खाली केला.

"हा कोण उभा हाय?"

"माझे थोरले दीर," सियाएली म्हणाली.

शिरिमांनी अमिनिएलकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि लॅपटॉप सगळ्यांकडं वळवला. पडद्यावरचा अमिनिएल काडीसारखा बारीक होता. गाल बसलेले, पाय बगळ्याचे, हातातली बोकडाची तंगडी नुसतं हाडूक. आधी एक पंच फिसकन हसला, मग खोली हसली.

"बाई, दिराला जेवायला घालत न्हाई वाटतं!"

हसण्यात अमिनिएलही सामील झाला, आणि हसता हसता त्यानं डाव साधला. "पंचांनी मला हसावं, पर जमीन बी बघावी. थडगं बघा, कुंपण बघा. मधी जागा हाय कुठं? शेळी आडवी बांधायला जमायची न्हाई. एवढ्यासाठी ह्या बाईनं भावाला कचेरीत खेचलं."

आणि खरंच होतं ते. पडद्यावर थडगं आणि कुंपण एकमेकांना खेटायला आले होते. चौकोनात बसवताना गॉडलिसननं आडवा फोटो दोन्ही बाजूंनी दाबला होता. त्यात अमिनिएल बारीक झाला तसा सियाएलीच्या केळीच्या राईचा पार बोळ झाला होता.

"फोटो दाबलाय!" सियाएली ओरडली. "माणूस दिसतोय तसा हाय का बघा की! माणूस बारीक झाला तर जमीन झाली न्हाई का बारीक?"

"आन् फोटो कधीचा?" अमिनिएल म्हणाला. "धा वर्सांमागचा बी असंल. तेव्हा मी बारीकच होतो."

पुन्हा हशा. शिरिमांनी फोटोची तारीख शोधली. ती सापडली नाही. चॅटवरून धाडलेल्या फोटोवर तारीख राहत नाही, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. "फोनवरला आम्ही बघत न्हाई; पुढल्या बैठकीच्या आत साइटवर धड फोटो घाला," ते म्हणाले. "न्हाई घातला तर कुंपण हाय तिथंच हद्द धरू."

एलियाकिम अख्ख्या बैठकीत तोंडातून शब्द काढू शकला नाही. वाटेत सियाएली त्याच्या पुढं चालत राहिली. माणसं हसली त्याचं तिला एवढं नव्हतं; नवरा शेजारी असून एकटीला हसं करून घ्यावं लागलं, त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिनं केळीचा घड डोक्यावर घेतला आणि थेट गॉडलिसनच्या दारात उतरवला.

"तू माझी जमीन चेपलीस."

"मी? पंचायतीची साइटच चौकोन मागते, मी काय करू?" गॉडलिसनचा आवाज खाली आला. "आन् हे बघा, माझ्या दारात बसू नका. तुमच्या दिरानं बारच्या छपाईचं समदं काम मला दिलंय. तुमचं काम मी करणार न्हाई. मला बी पोरंबाळं हायत."

"नको करूस. मला सांग, मी करते."

"तुम्ही?" तो हसला. "मावशी, ते काय केळं सोलणं हाय?"

सियाएली घडासकट उंबऱ्यावर बसली. येणारं गिऱ्हाईक घड ओलांडून आत जाईना. कुणी केळ्याचा भाव विचारला तर ती सांगायची, "विकायची न्हाईत. हा माझा मुक्काम हाय." बाजार भरात आला. गॉडलिसननं आधी रागावून पाहिलं, मग विनवून पाहिलं, मग कुणी बघत नाही असं पाहून वाकला आणि पेननं तिच्या उजव्या तळहातावर फोटोचा आकार बदलायच्या साइटचं नाव लिहिलं.

"फोनवर बी चालतंय. फुकट हाय. चॅटवरला फोटो घेऊ नका, मूळ तुमच्या फोनात हाय तोच घ्या. आन् मी सांगितलं म्हनू नका."

"तू काय सांगितलंस? तू तर फक्त माझा हात धरलास," ती म्हणाली आणि घड उचलला. गॉडलिसननं लाजून पेन खिशात खोचलं.

पण बाजारानंतरही गाय वाट पाहतच होती. राई गेल्यापासून तिला केळीचे खुंट नव्हते, आणि जानेवारीचं ऊन लागलं की डोंगरावर गवत उरत नाही. ते आणायला खालच्या माळावर उतरावं लागतं. सियाएली उतरली. उजव्या तळहातावरची अक्षरं घामानं पुसतील म्हणून तिनं डाव्या हातानं गवत कापलं, दातांनी दोर ओढून भारा बांधला. चढावर भारा एका हातानं सांभाळत, दुसरा हात पंजा पसरून वाऱ्यावर धरत ती वर आली. मान मोडायला आली होती. वाटेत भेटलेल्या बाईनं विचारलं, "हाताला काय झालं गं?" सियाएली म्हणाली, "कागद आणलाय बाजारातनं."

मासेऱ्यात फोन कुठंही लागतो, पण इंटरनेट येतं ते फक्त खिंडीवरच्या मोठ्या दगडापाशी. तिथं भारा टेकवून ती बसली आणि फोन काढला. साइट उघडली. सगळं इंग्रजी. तिनं बटणावर अंगठा दाबला; काही झालं नाही. पुन्हा दाबला. गवतानं चिरून, कोयत्यानं घट्टे पडून तिचा अंगठा असा झाला होता की फोन त्याला माणसाचा अंगठाच मानेना. तिनं अंगठा चाटला, करंगळी लावून पाहिली, बोटाचं पेर वाकवून लावलं. कधी काहीच व्हायचं नाही, कधी भलतंच उघडायचं. तिला रडू आलं. एवढं मोठं भांडण अंगावर घेतलं आणि अडलं कशाला, तर कातडीला.

"सरक."

मागं एलियाकिम उभा होता. काठी टेकत, घामाघूम. ही चढण तो पडल्यापासून चढलेलाच नव्हता.

"कशाला आलात? कंबर जाईल."

"जाऊ दे. घरात बसून बी जातेच हाय." तो कण्हत दगडावर टेकला. "बोटं माझी मऊ हायत, कामच न्हाई त्यास्नी. आन् इंग्रजी सातवीपतूर शिकलोय मी. आण इकडं."

सियाएलीनं फोन त्याच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. तिला इतकं बरं वाटलं की ते दिसू नये म्हणून ती भाऱ्यातली एक काडी उपसून चावत राहिली.

एलियाकिम ओठ हलवत एकेक शब्द वाचायचा आणि मग सांगायचा. आधी फोटो तपासायचं पान. त्यात फोटो घातला तसं खाली सगळं उमटलं: लांबी-रुंदी, वजन, आणि तारीख. नाताळाची. सकाळची वेळसुद्धा.

"धा वर्सांमागचा म्हनं!" सियाएली म्हणाली.

मग आकार. रुंदी आणि उंचीचे दोन खण, त्याखाली पर्याय. "ह्यो म्हंतोय, ताणून बसवा," एलियाकिम बोट ठेवत म्हणाला. "गॉडलिसननं हेच केलं असणार. आन् ह्यो दुसरा... आहे तसा बसवा, उरलेली जागा कोरी सोडा."

"कोरी सोडा. कोरं कुणाच्या बापाचं जात न्हाई."

चौकोन झाला. वर-खाली पांढऱ्या पट्ट्या, आणि मधे अमिनिएल जसा होता तसा, पोट पुढं, तंगडी मांसानं भरलेली. थडगं ह्या कडेला, कुंपण त्या कडेला आणि मधे राई, तिची राई, रुंद आणि हिरवी.

आता वजन. तिथं एक सरकती पट्टी होती. डावीकडं ढकलली की फोटो हलका होई. एलियाकिमनं ती पार टोकाला नेली. फोटो हलका झाला, पण कुंपण म्हणजे शिजलेल्या भाजीचा गोळा झाला.

"मागं घ्या, मागं घ्या! ह्याला इसाले कोण म्हनंल?"

त्यानं थोडी मागं घेतली. जड झाला. पुन्हा पुढं. सुईत दोरा ओवावा तसं दोघांनी श्वास धरून ती पट्टी इकडं-तिकडं केली. शेवटी वजन पंचायतीच्या मापात बसलं आणि इसालेची लांब पातीही वेगवेगळी दिसत राहिली. एलियाकिम धाडायला निघाला तशी सियाएलीनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. त्या पैल्या पानात घाला परत. तारीख हाय का बघा."

तारीख नव्हती. वजन उतरवताना साइटनं तीही उतरवली होती. एलियाकिमनं डोक्याला हात लावला. मग त्यानं ते पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं, आणि अगदी तळाला एक बारीक चौकट सापडली. फोटोची माहिती ठेवायची का? त्यानं त्या चौकटीत खूण केली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. ह्या वेळी तारीख राहिली. त्यांनी फोटो धाडला, आणि सूर्य माळाकडं कलेपर्यंत तो गेला की नाही ते बघत बसले. गेला. उतरताना भारा तिच्या डोक्यावर होता आणि नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर. दोन्ही ओझी तिनं आनंदानं घरी आणली.

गावात गोष्ट लपत नाही. शिरिमांनी फोटो पाहिल्याचं बाजारात कळलं, बाजारातून मोशीला कळलं. शनिवारी सकाळी अमिनिएलची गाडी दाराशी आली. त्याच्यासोबत गावातले दोन वडीलधारे होते. त्यातले तारिमो आजोबा म्हणजे सासऱ्याच्या बरोबरीचे. अमिनिएलच्या दोन्ही हातांत इसालेचा शेंडा होता, नव्या कुंपणातूनच कापलेला, आणि त्याच्या एका पात्याला गाठ मारलेली.

ते पाहून सियाएली शेणाच्या हातांनी तशीच उठली. गाठ मारलेली इसाले घेऊन जो दाराशी येतो, त्याला माफ करावंच लागतं. बापाचा खून केला असला तरी करावं लागतं. ती नाकारणारा माणूस गावात माणूस राहत नाही.

"वहिनी, चुकलं," अमिनिएल म्हणाला. डोळे मात्र चुकलेल्या माणसाचे नव्हते. "भावाभावांत कचेरी शोभत न्हाई. ही घ्या. खटला मागं घ्या. झाडं लावलीत ती लावलीत, आता उपटून पाप कशाला? जिथं हायत तिथं राहू द्या."

"घे पोरी," दुसरे वडीलधारे म्हणाले. "पान आलंय दारात."

म्हणजे हा कावा होता. फोटोनं जे जिंकलं ते पानानं परत घ्यायचं. सियाएलीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो उभा होता, रंग उडालेला, पण ह्या वेळी नजर खाली नव्हती.

तिनं हातावरचं शेण चुलीच्या राखेनं घासलं, धुतलं, पदराला पुसलं. दोन्ही हातांनी इसाले घेतली. मान लववली.

"माफ केलं, भावोजी. मनापास्नं."

अमिनिएलनं सुस्कारा सोडला. वडीलधारे हसले. सियाएलीनं दाराआडची कुदळ उचलली, शेंडा काखेत धरला आणि गोठ्याला वळसा घालून चालू लागली. थडगं मागं टाकलं, नव्या कुंपणातून आडवी घुसली, राई ओलांडली, आणि जिथं जुन्या झाडांचे खड्डे घाईघाईनं बुजवले होते तिथं जाऊन थांबली. बाकीचे तिच्या मागं आले. कुदळ तीनदा पडली. इसालेचा शेंडा नुसता मातीत खोचला तरी धरतो. तिनं तो खोचला, भोवती माती टाकली आणि टाचेनं दाबली.

"हे काय?" अमिनिएलचा आवाज चढला. "वहिनी, ती माफीची होती! हद्दीची नव्हती!"

"भावोजी, तुम्ही दिली, मी घेतली. माझी झाली ती. माझ्या वस्तूला जागा मी देणार."

"आजोबा, सांगा हिला! उपटा ती!"

तारिमो आजोबा खड्ड्याजवळ आले. काठीनं त्यांनी माती थोडी चाचपली, आणखी थोडी दाबली.

"इसाले कोण उपटतंय, अमिनिएल? मी तर न्हाई," ते म्हणाले. "तुझ्याच हातची हाय. आमच्या देखत दिलीस."

"पर ती माफीची..."

"झाड एकच असतंय रे. खोचलं तिथं हद्द, आन् चोरून हलवलेली झाडं बापाच्या जागी परत लावायला पाप लागत न्हाई."

एलियाकिमनं बायकोच्या हातातली कुदळ घेतली, कंबर धरली, आणि थडग्याजवळच्या नव्या कुंपणाकडं चालत गेला.

"दादा," तो तिथून म्हणाला, "बूट काढ. एकट्याला उचलायची न्हाईत मला एवढी झाडं."